कातडीचं बळ कुठे असतं?



 स्मृतिव्याख्यानांत इतिहास, साहित्य, सहकार आणि शेती हे विषय नेहमी येतात. पेशीविज्ञानाला अशी संधी क्वचितच मिळते. 

आजचा विषय आहे एक प्रथिन आणि त्याची एक धरण, म्हणजे पकड. प्रथिनाचं नाव डेस्मोप्लाकिन. आपल्या त्वचेच्या पेशींमध्ये केराटिनचे बारीक तंतू असतात. त्या तंतूंना पेशीच्या कडेशी धरून ठेवण्याचं काम हे प्रथिन करतं. एवढ्याशा कामावर तासभर काय बोलायचं, असं कुणाला वाटेल. पण ही धरण सुटली तर कातडी सुटते, कधी हृदयही निकामी होतं. आणि ती गरजेपेक्षा घट्ट झाली, तरी पेशींचं काम अडतं. आज मला मांडायची आहे ती ही दुसरी बाजू. जोड मजबूत हवा हे सगळेच सांगतात. सजीवांच्या शरीरात मात्र जोड वेळेवर सैल होणं तितकंच गरजेचं असतं.

दरवर्षी ज्येष्ठ-आषाढात तुकोबारायांची पालखी आपल्या बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांतून जाते. उंडवडी, बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी आणि मग नीरा ओलांडून अकलूज. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीला अश्वाचं. याच वाटेवर औषधोपचाराच्या तंबूत पायाला फोड आलेले वारकरी बसलेले दिसतात. पाय ओला असेल तर घर्षण वाढतं. चप्पल कातडीचा वरचा थर एका बाजूला ओढते आणि आतलं हाड दुसऱ्या बाजूला सरकतं. हजारो पावलं असं झालं की त्वचेच्या बाह्यस्तराच्या मधल्या थरातल्या पेशी फाटतात, पोकळी होते आणि तिथे पाणी साचतं. हा घर्षणाचा फोड.

आता प्रश्न उलटा विचारू. लाखो माणसं इतकं चालतात, तरी बहुतेकांची कातडी टिकते. ती टिकते कशामुळे?

आपल्या नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात ऊस उभा असतो. उसाच्या प्रत्येक पेशीभोवती सेल्युलोजची भिंत असते आणि शेजारच्या पेशीची भिंत तिला चिकटलेली असते. ऊस वाऱ्यात उभा राहतो तो या भिंतींच्या जोरावर. आपल्या पेशींना भिंत नाही. नुसतं पातळ पटल असतं, आणि ते ओढलं तर सहज फाटतं. म्हणून प्राण्यांच्या पेशींनी बळ आत साठवलं आहे. वनस्पतींच्या पेशीरसात केराटिनसारखे तंतू सापडत नाहीत. भिंत असल्यावर त्यांची गरज काय?

पेशीच्या आतल्या सांगाड्यात तीन प्रकारचे तंतू असतात. ॲक्टिनचे तंतू सर्वांत बारीक, साधारण ७ नॅनोमीटर जाडीचे. सूक्ष्मनलिका सर्वांत जाड, सुमारे २५ नॅनोमीटर. या दोहोंच्या मधले, साधारण १० नॅनोमीटरचे, ते मध्यम तंतू. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. ॲक्टिन आणि सूक्ष्मनलिका सतत बांधल्या आणि मोडल्या जातात. पेशीची हालचाल आणि आतली वाहतूक त्यांच्याकडे असते. मध्यम तंतूंचा स्वभाव वेगळा. ते लवचीक आणि चिवट असतात. मूळ लांबीच्या दुपटीहून जास्त ताणले तरी ते तुटत नाहीत. त्वचेत हे तंतू केराटिनचे असतात, हृदयाच्या स्नायूत डेस्मिनचे, आणि इतर अनेक पेशींत व्हिमेंटिनचे.

केराटिन खरोखर बळ देतं का, याचा पुरावा १९९१ साली मिळाला. काही मुलांच्या त्वचेला जन्मापासून नुसता हात लागला तरी फोड येतात. एपिडर्मोलिसिस बुलोसा सिम्प्लेक्स असं त्या आजाराचं नाव. इलेन फुक्स यांच्या गटाने आणि त्याच वर्षी आणखी एका गटाने दाखवून दिलं, की या रुग्णांच्या केराटिन-१४ च्या जनुकात बिघाड असतो. तंतू नीट बांधले जात नाहीत. त्यामुळे सर्वांत खालच्या थरातली पेशी साध्या ताणानेही आतून फाटते.

पण एकेक पेशी आतून भक्कम असून भागत नाही. पेशी एकमेकींना जोडलेल्या नसतील, तर ताण एकाच पेशीवर येईल. इटलीचे जुलिओ बिझोझेरो यांनी १८६४ साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, की त्वचेच्या मधल्या थरातल्या पेशी जिथे एकमेकींना भिडतात तिथे बारीक गाठी दिसतात. १९२० साली या गाठींना डेस्मोसोम हे नाव मिळालं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला तेव्हा त्यांची रचना स्पष्ट झाली. दोन शेजारी पेशींच्या पटलांवर समोरासमोर दोन जाड चकत्या, आणि प्रत्येक चकतीत आतून येऊन रुतलेले केराटिनचे तंतू. एका पेशीतले तंतू चकतीपर्यंत, चकती शेजारच्या चकतीला, आणि तिच्यापासून पुढच्या पेशीतले तंतू. अशी पूर्ण त्वचेत एकच साखळी होते. पाऊल टेकतं तिथला ताण आजूबाजूच्या असंख्य पेशी वाटून घेतात.

चकतीत कोण कोण असतं, हे पुढच्या काळात कळत गेलं. दोन पेशींमधली फट ओलांडतात ती डेस्मोग्लीन आणि डेस्मोकोलिन ही प्रथिनं. त्यांच्या आतल्या टोकांना प्लाकोग्लोबिन आणि प्लाकोफिलिन चिकटतात. आणि या सगळ्यांना केराटिनशी जोडतं ते डेस्मोप्लाकिन.

हे प्रथिन लांबलचक आहे. त्याच्या मोठ्या रूपात २,८७१ अमिनो आम्लं असतात. एका टोकाने ते चकतीतल्या प्रथिनांना धरतं. मधला भाग दांड्यासारखा असतो आणि तिथे दोन रेणू एकमेकांभोवती गुंफले जातात. दुसरं टोक केराटिनकडे असतं. हे दुसरं टोक नेमकं कसं धरतं, याचं उत्तर २००२ साली मिळू लागलं. अमेरिकेत विल्यम वाईस आणि कॅथलीन ग्रीन यांच्या गटांनी या टोकाच्या भागांचे स्फटिक करून क्ष-किरणांनी त्यांची रचना शोधली. तिथे तीन स्वतंत्र विभाग आहेत. प्रत्येकात ३८ अमिनो आम्लांचा एक साचा साडेचार वेळा येतो. असे पुन्हा पुन्हा येणारे साचे बहुतेक प्रथिनांत लांब रचना करतात. इथे मात्र ते घडी घालून गोळा होतात. ज्या दोन विभागांची रचना सुटली, त्या दोन्हींच्या पृष्ठभागावर धन भाराची एक खाच आढळली.

केराटिन आणि व्हिमेंटिनच्या तंतूंवर ऋण भाराचे पट्टे असतात. त्यामुळे तंतू याच खाचेत बसत असावा, असा तर्क होता. २०१६ साली ब्रिटनमधल्या एका गटाने डेस्मोप्लाकिनच्या नात्यातल्या एन्व्होप्लाकिन या त्वचेतल्या प्रथिनावर काम करून हा तर्क पक्का केला. एन्व्होप्लाकिनच्या खाचेतला धन भार व्हिमेंटिनच्या दांड्यावरच्या ऋण भाराला ओढून घेतो. खाचेतली मोजकी अमिनो आम्लं बदलली की धरण ढिली पडते.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, हा जोड कायमचा सांधलेला नाही. भारांच्या ओढीवर उभा असल्यामुळे तो लागू शकतो आणि सुटूही शकतो. दुसरी, डेस्मोप्लाकिनच्या टोकाचे तिन्ही विभाग स्वतंत्रपणे तंतूला धरू शकतात. रेणू जोडीने राहतात, म्हणजे एका जोडीला अशा सहा जागा. एका चकतीत कितीतरी जोड्या. एक जागा सुटली तर बाकीच्या तंतू धरून ठेवतात. अनेक हातांनी धरायचं, पण कुणी कायमचं अडकून पडायचं नाही, असा हा बंदोबस्त आहे.

ही धरण निघाली तर काय होतं, ते उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसलं. फुक्स यांच्या प्रयोगशाळेत १९९८ साली डेस्मोप्लाकिनचं जनुक पूर्ण काढलेले भ्रूण तयार झाले. ते गर्भावस्थेच्या साडेसहा दिवसांपुढे जगले नाहीत. मग २००१ साली फक्त त्वचेतून हे प्रथिन काढलं. डेस्मोसोमच्या गाठी दिसत होत्या, पण त्यांत केराटिन रुतलेलं नव्हतं. त्या त्वचेतल्या पेशी एकमेकींपासून सुटत होत्या. म्हणजे पेशींनी एकमेकींना नुसतं बाहेरून चिकटणं पुरेसं नाही. बळ येतं ते आतल्या तंतूंशी जोडल्यावर.

मग निसर्गाने ही धरण शक्य तितकी घट्ट का केली नाही? माझ्या व्याख्यानाचा गाभा इथे आहे.

ग्रीन यांच्या गटाने १९९४ साली डेस्मोप्लाकिनच्या शेपटाकडे लक्ष दिलं. शेवटाजवळ, २,८४९ क्रमांकावर, सेरीन नावाचं अमिनो आम्ल आहे. पेशी त्याला फॉस्फेटचा कण जोडू शकते. फॉस्फेट ऋण भाराचा असल्याने केराटिनवरची धरण ढिली होते. संशोधकांनी त्या सेरीनच्या जागी ग्लायसीन घातलं. आता फॉस्फेट बसायला जागाच उरली नाही, आणि डेस्मोप्लाकिन केराटिनला जास्त घट्ट चिकटलं.

ऐकायला हे चांगलं वाटतं. पण २००५ साली त्याच गटाने दाखवलं, की असं बदललेलं डेस्मोप्लाकिन नवे डेस्मोसोम बांधताना अडथळा ठरतं. कारण उघड आहे. नवा रेणू पेशीच्या आत तयार होतो आणि त्याला कडेपर्यंत जायचं असतं. वाटेत भेटणाऱ्या केराटिनला तो घट्ट धरून बसला, तर वेळेवर पोचणारच नाही. ऊसतोड कामगार वाढ्याने मोळी बांधतात. ती फडापासून गाडीपर्यंत सुटता कामा नये, पण कारखान्यात ऊस उतरवताना मात्र सहज मोकळी झाली पाहिजे. डेस्मोप्लाकिनचं काम असंच दुहेरी आहे.

एकदा चकती तयार झाली, की घट्ट धरण उपयोगी पडते. २०१२ साली दिसलं, की तोच बदललेला रेणू पेशींना अधिक पक्कं चिकटवतो. इतकं, की जोड बांधायला लागणारं बाहेरचं कॅल्शियम काढून घेतलं तरी त्या सुटत नाहीत. २०१७ साली याच पकडीची ताकद कमी-जास्त करून पाहिली, तेव्हा पेशींचा ताठरपणा आणि त्यांच्यातली ओढ दोन्ही बदलली. २०१८ साली स्टॅनफर्डमधल्या गटाने डेस्मोप्लाकिनच्या रेणूतच ताण मोजणारा घटक बसवला. पेशी शांत असताना त्याच्यावर फारसा ताण नसतो. पेशींचा थर बाहेरून ओढला की तो भार उचलतो. ओढ किती आणि कोणत्या दिशेने, यावर तो भार ठरतो. वाटेवर बसलेल्या वारकऱ्याच्या तळपायात या धरणेवर जवळपास ताण नसेल. तो उठून चालू लागला की तिच्यावर भार येईल.

आणि जखम झाली की सैल होण्याची गरज आणखी कळते. निरोगी त्वचेतले डेस्मोसोम एरवी कॅल्शियमविना टिकतील इतके घट्ट असतात. कोयत्याने हात कापला, की जखमेच्या कडेच्या पेशींतले डेस्मोसोम ढिले होतात. तेव्हाच त्या पेशी पुढे सरकून जखम झाकू शकतात. कातडी इतकी घट्ट असती की सुटलीच नसती, तर जखमही भरली नसती.

आता माणसांकडे येऊ. ग्रीसच्या नॅक्सॉस बेटावरच्या काही कुटुंबांची नोंद १९८६ साली प्रसिद्ध झाली. जन्मापासून लोकरीसारखे कुरळे केस, जाड तळहात-तळवे आणि मोठेपणी हृदयाचे ठोके बिघडणं. २००० साली कळलं, की बिघाड प्लाकोग्लोबिनच्या जनुकात आहे. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरमध्ये लुइस कार्वाहाल यांनी १९९८ साली अशीच लक्षणं असलेल्या कुटुंबांचं वर्णन केलं. तिथे मुख्यतः हृदयाचा डावा कप्पा फुगतो. त्यांच्यात बिघाड डेस्मोप्लाकिनमध्ये होता. जनुकातलं एकच अक्षर गळालं होतं. त्यामुळे प्रथिन अर्धवटच बनतं आणि केराटिन धरणारा शेवटचा भागच नाहीसा होतो. या रुग्णांच्या त्वचेत केराटिनचे तंतू कडेपासून मागे सरून पेशीच्या केंद्रकाभोवती गोळा झालेले दिसले. हृदयाच्या पेशींनाही डेस्मोप्लाकिनच जोडतं, फक्त तिथे तंतू डेस्मिनचे असतात. म्हणून त्वचेची खूण आणि हृदयाचा धोका एकत्र येतात.

हे आजार दुर्मीळ आहेत, पण आपल्याशी त्यांचा संबंध आहे. या दोन्ही रूपांत आई आणि वडील दोघांकडून बिघडलेलं जनुक आलं, तरच मूल आजारी पडतं. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक मुलाला तो धोका चारात एक असतो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची प्रथा जुनी आहे. नात्यात लग्न झालं, की तेच जनुक दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता वाढते. कुणाला दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. मुलाचे केस जन्मापासून लोकरीसारखे असतील आणि चालायला लागल्यावर तळवे फार जाड होऊ लागले, तर फक्त मलम लावून थांबू नका. हृदयाची तपासणी करून घ्या. उसाच्या फडात काम करून हाताला पडलेले घट्टे ही वेगळी गोष्ट. ते घर्षणाने पडतात आणि काम थांबलं की हळूहळू कमी होतात.

फोड त्वचेच्या कोणत्या पातळीवर येतो, यावरून साखळीतला कोणता दुवा सुटला ते कळतं. पेम्फिगस या आजारात शरीराचीच प्रतिपिंडं डेस्मोग्लीनवर हल्ला करतात. पेशी एकमेकींपासून सुटतात आणि आतलं केराटिन कडेपासून मागे सरतं. फोड तोंडातही येतात. एकेकाळी हा आजार बहुतेक जीवघेणा होता. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. जे. एस. पसरिचा यांनी १९८०च्या दशकात शिरेतून ठरावीक अंतराने औषधं देण्याची पद्धत आणली आणि भारतभर असंख्य रुग्णांना तिचा लाभ झाला. उलट, त्वचेचा तळ खालच्या थराला धरून ठेवणारी प्लेक्टिन आणि बीपी-२३० ही प्रथिनं डेस्मोप्लाकिनच्याच कुळातली. तीही केराटिनलाच धरतात. तिथे बिघाड झाला, तर फोड सर्वांत खाली येतो.

आता महाराष्ट्रातल्या कामाबद्दल. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं अॅक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आहे. डॉ. सोराब दलाल यांच्या गटाने २००८ साली दाखवलं, की पेशींतलं प्लाकोफिलिन-३ कमी केलं की त्यांची चिकटण्याची ताकद घटते आणि उंदरांत गाठ दूरवर पसरते. २०१२ साली डॉ. दलाल आणि डॉ. मिलिंद वैद्य यांच्या गटांनी पुढचा दुवा मांडला. प्लाकोफिलिन-३ गेलं, की पीआरएल-३ नावाचं विकर वाढतं. ते केराटिन-८ वरचा फॉस्फेट काढून टाकतं आणि पेशी पसरायला मोकळी होते. म्हणजे फॉस्फेट बसणं-निघणं हा खेळ डेस्मोप्लाकिनच्या बाजूने चालतो, तसा केराटिनच्या बाजूनेही चालतो. डॉ. वैद्य यांच्या गटाने तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींत प्लेक्टिन आणि बीपी-२३० या दुव्यांचाही अभ्यास केला आहे. या प्रथिनांवर त्या पेशींची हालचाल आणि आत घुसण्याची क्षमता अवलंबून असते, असं त्यात दिसलं.

तोंडाच्या आतलं अस्तरही असंच जोडलेलं असतं. डेस्मोसोम, केराटिन, डेस्मोप्लाकिन सगळं तिथे आहे. तंबाखू पेशींच्या जनुकांना इजा करते. ती इजा साठत गेली, की पेशी वाढ थांबवणं विसरतात, आणि जोड कधी सोडायचा ही शिस्तही बिघडते. जखम भरण्यासाठी असलेली सैल होण्याची सोय कर्करोग स्वतःच्या प्रसारासाठी वापरतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या दर चार प्रौढांपैकी जवळजवळ एक जण धूरविरहित तंबाखू घेत होता. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे. पण आपल्या गावांत चुना-तंबाखू सर्रास चालते आणि अनेक घरांत बायका सकाळी मिसरीने दात घासतात. मिसरी औषध आहे, हा समज सोडा. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कर्करोगाची नोंद ठेवली जाते. खेड्यातली बाई-माणसं किती उशिरा दवाखान्यात पोचतात, ही अडचण अशा नोंदींमुळेही समोर आली.

या सगळ्यातून उपचारांबद्दल एक धडा निघतो. जोड कमकुवत असेल तर तो घट्ट करणारं औषध शोधावं, हा पहिला विचार सरळ वाटतो. पण २,८४९ क्रमांकाच्या सेरीनने दाखवलं, की सतत घट्ट धरण नव्या जोडांची बांधणी अडवते आणि जखम भरायला पेशी सैल व्हाव्या लागतात. उद्याचं औषध धरण वाढवणारं नसेल, ते धरण वेळेवर जुळवणारं असेल. कातडीचं बळ घट्टपणात नाही, ते या वेळेच्या भानात आहे.

म्हणून दोन विनंत्या करून थांबतो. बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयासारखी विज्ञान शिकवणारी जुनी संस्था आहे. त्वचेच्या फोडांचे आणि तोंडाच्या चट्ट्यांचे रुग्ण इथे रोज येतात. प्राणिशास्त्र, जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या मुलांनी आणि या डॉक्टरांनी एकत्र काम करावं. खारघर इथून काही तासांवर आहे. दुसरी विनंती तुम्हा सगळ्यांना. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, जखम तीन आठवड्यांत भरत नसेल, तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, तर दुखत नाही म्हणून बसून राहू नका. त्या अवस्थेत उपचार सोपे असतात. घरातल्या मिसरी लावणाऱ्या आजीलाही सोबत न्या.